बुडबुड्यांच्या तपासणीसाठी नाशिकला

दिनांक १८ जानेवारी, सकाळचे सहा चाळीस, साक्री बसस्थानक. हजर: मी, माझी पत्नी सुमन आणि आम्हाला गाडीत बसवून द्यायला आलेला तिचा धाकटा भाऊ अशोक. जवळ रोख चोवीस हजार रुपये. त्यांपैकी दहा हजार तपासणीचे, बाकीचे प्रवास, मुक्काम आणि आधी सांगता न येणाऱ्या खर्चाचे.

परत आल्यापासून कचेरीत, गल्लीत, पाहुण्यांत जो तो विचारतो की ही बुडबुड्यांची सोनोग्राफी म्हणजे असते काय, आणि तिच्यासाठी नाशिकपर्यंत कशाला जावं लागलं. सांगायला लागलो की दर वेळी मी एकाच ठिकाणी अडतो. म्हणून एकदाच लिहून काढतो आहे. ज्याला जावं लागेल त्याच्या उपयोगी पडेल.

मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. धरणाची पातळी रोज सकाळी आठला वाचायची आणि लिहायची, हे काम एकतीस वर्षं केलं. त्यामुळे आकडे लक्षात राहतात, नको असले तरी. सुमनचं वय एक्कावन्न. रक्तातलं क्रिएटिनिन तीन पूर्णांक चार. ते एकच्या आसपास हवं. म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलेली. डिसेंबरात पोट दुखलं म्हणून साधी सोनोग्राफी केली, तर यकृतात गाठ निघाली, दोन पूर्णांक सहा सेंटिमीटरची. गाठ कसली आहे हे साध्या सोनोग्राफीत कळत नाही. शिरेतून रंग टोचून सीटी स्कॅन केला की कळतं, पण तो रंग मूत्रपिंडांतून बाहेर पडतो, आणि तिची मूत्रपिंडं तो सोसणार नाहीत. एमआरआयच्या औषधाचंही तेच. सुई घालून तुकडा काढावा तर प्लेटलेट कमी. धुळ्याच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की नाशिकला गंगापूर रोडवर एक ठिकाण आहे, तिथे शिरेतून बारीक बुडबुडे सोडून सोनोग्राफी करतात. बुडबुडे श्वासावाटे निघून जातात.

मी फोन केला. पलीकडच्या मुलीने सांगितलं, औषधाची बाटली अकरा हजार, तपासणी साडेचार हजार. मी आकडे परत विचारले, तशी ती म्हणाली, "एका पेशंटला अर्धीच बाटली लागते, काका. पण एकदा कालवली की सहा तासांत संपवावी लागते. दुसरा पेशंट मिळाला की मी दोघांना एकाच दिवशी बोलावते. मग बाटलीचे साडेपाचच पडतील."

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. जोडीदार मिळाला होता.

*सटाणा, देवळा, द्वारका*

सटाण्यापर्यंत सुमन पिशवी मांडीवर धरून बसली होती. सटाण्याला गाडी पंधरा मिनिटं थांबते, तिथे मी चहा घेतला. तिला दिवसाला एक लिटरच पाणी चालतं, म्हणून मी बाटलीवर पेनाने रेघा मारून आणल्या होत्या. तिने चहा नको म्हटलं आणि पहिल्या रेघेपर्यंत पाणी प्यायली. देवळ्याच्या पुढे भावड घाट उतरल्यावर तिला जरा बरं वाटलं. दोन्ही बाजूंना उन्हाळी कांद्याची लागण चालली होती, बाया ओळीने वाकलेल्या. ती म्हणाली, "आपल्याकडे इतक्या बाया कुठे मिळतात आता?" त्यानंतर पिंपळगावपर्यंत तिने मला मजुरीचे दर विचारले आणि मी सांगितले. द्राक्षांचे घड अजून हिरवे होते. कुणी परक्याने आम्हाला पाहिलं असतं तर म्हटलं असतं, दोघं देवाला निघाली आहेत.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. इतकी वाहनं इतक्या बाजूंनी एका ठिकाणी येताना आमच्या जिल्ह्यात पाहायला मिळत नाहीत. रस्ता ओलांडायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. आमच्याकडे रिक्षावाला आधी गाव विचारतो, मग भाडं सांगतो. इथे त्याने काहीच विचारलं नाही, पिशवी उचलून आत ठेवली.

म्हटलं, मुक्कामाला जाण्याआधी ठिकाण पाहून ठेवावं. इथे माझी पहिली चूक झाली. मी नुसतं "गंगापूर रोड" म्हणालो. गंगापूर रोड हा एक रस्ता आहे एवढंच मला माहीत होतं, तो किती लांब आहे हे माहीत नव्हतं. रिक्षावाल्याने एका टोकाला सोडलं. पाट्या वाचत, विचारत आम्ही चालत निघालो. दीड किलोमीटर तरी झालं असेल. सुमन तीनदा बसली: एकदा दुकानाच्या पायरीवर, एकदा झाडाच्या पारावर, एकदा बंद पडलेल्या एटीएमच्या ओट्यावर. तिसऱ्यांदा बसल्यावर म्हणाली, "तुम्ही पुढे जाऊन पाहून या. मी इथेच आहे, मला कोण नेतंय?" मी दुसरी रिक्षा केली. ठिकाण चारशे मीटरवर निघालं.

*पंचवटी*

मुक्काम पंचवटीत, आमच्या घराण्याच्या उपाध्यायांकडे. आमच्या गावाकडच्या लोकांच्या वंशावळी त्यांच्या वह्यांत असतात. आजोबांनी सांगितलेलं नाव धरून मी फोन केला होता. गुरुजी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, अंगात स्वेटर, एका कानाला मोबाईल. त्यांनी लाल कापडातली लांबट वही काढली आणि पाच मिनिटांत माझ्या आजोबांच्या हातची सही दाखवली. मोडीतली होती, त्यांनी वाचून दाखवली. आजोबा भावाच्या अस्थी घेऊन आले होते. त्याखाली माझे वडील, आजोबांच्या अस्थी घेऊन. त्याखाली मी, वडिलांच्या. माझी सही मला ओळखू आली.

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. "आता कोणाचं करायचंय?"

"कोणाचं नाही," मी म्हणालो. "दवाखान्याचं काम आहे."

ते ओशाळले. "माफ करा हं. आमच्याकडे लोक त्याच कामाला येतात, म्हणून तोंडातून गेलं." त्यांनी वही मिटायला घेतली.

सुमन म्हणाली, "लिहा ना गुरुजी. आलोय तर लिहा."

"काय लिहू, वहिनी?"

"मी आणि हे आलो होतो म्हणून लिहा. सगळे मेल्यावरच कशाला लिहायचे?"

गुरुजी हसले, पण त्यांनी लिहिलं. कारण काय लिहू, असं मला विचारलं. मी म्हणालो, तपासणीसाठी. त्यांच्या वहीत तसली ती पहिलीच नोंद असावी. खोलीचं भाडं त्यांनी घेतलं नाही.

संध्याकाळी जवळच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पापड देतात, वर दही देतात, आणि तिखट वेगळ्या वाटीत देऊन तुमच्यावर सोपवतात. आमच्या शेवभाजीत तो प्रश्नच विचारत नाहीत. सुमनला मीठ वर्ज्य. तिने डबा उघडून बिनमिठाची बाजरीची भाकरी खाल्ली आणि माझ्या ताटाकडे पाहत राहिली. मी म्हटलं, एक घास घे. ती म्हणाली, "उद्याचं नीट निघू दे, मग अख्खी प्लेट खाईन."

*१९ तारीख, गंगापूर रोड*

दहाची वेळ होती. आम्ही साडेनऊला हजर. सुमन रात्रीपासून उपाशी. भिंतीवर, सगळ्याच सोनोग्राफी केंद्रांत असतो तसा, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही असा फलक. जोडीदाराचा पत्ता नव्हता.

साडेदहा झाले, अकरा झाले. काउंटरवरच्या मुलीने फोन लावले, लागले नाहीत. साडेअकराला ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही पूर्ण बाटली घेत असाल तर मॅडम आत्ता करतील. नाहीतर थांबावं लागेल."

मी हिशेब केला. अधिक साडेपाच हजार दिले असते तरी माझ्याजवळ साडेसात हजार उरले असते. परतीला आणि जेवणाला ते पुष्कळ होते. मी म्हणालो, थांबतो. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिलं आहे. साडेपाच हजार माझ्याजवळ होते आणि मी थांबतो म्हणालो.

एक वाजून वीस मिनिटांनी दत्तूनाना आले. मखमलाबादकडचे गुलाबाचे शेतकरी, वय त्रेसष्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. बरोबर त्यांच्या पत्नी शांताबाई. नाना दारातूनच बोलत आले, "कोण ते आमचे पार्टनर? माफी करा राव. फुलं पोचवायला गेलो तं द्वारकेवर टेम्पो दीड तास हुबा. फोनची बॅटरी मेलेली. पुढं बी गर्दी, मागं बी गर्दी."

शांताबाई म्हणाल्या, "मी म्हणत होते, आज फुलं पोराला नेऊ द्या. ऐकतील तं खरं."

"पोरगा व्यापाऱ्याशी भांडतो. मी हसतो. हसणाऱ्याला दोन रुपये जास्त भेटतात." मग माझ्या शेजारी बसले. "कुठले तुम्ही?"

"साक्रीचे."

"साक्रीहून येऊन तुम्ही साडेनऊला हजर, अन् आम्ही आठ किलोमीटरवरून दीडला. लाज वाटायला पाहिजे आम्हाला. वय काय तुमचं?"

"चौपन्न."

"मंग तुम्ही धाकले. मी मोठा भाऊ. अर्धी-अर्धी बाटली घ्यायची म्हंजे भाऊच की. गावात कोणाला सांगू नका बरं, नाशिकात दिवसाढवळ्या अर्धी बाटली मारली म्हणून."

मी हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा हसलो असेन. पण नानांनी मला धाकटा भाऊ म्हणताच सुमनने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि पाय खुर्चीखाली घेतले. आमच्या भागात नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बाई डोकं उघडं ठेवत नाही, पाय पुढे करून बसत नाही. सुमन हे अजून पाळते, मानलेल्या दिराच्या बाबतीतही.

नानांच्या ते लक्षात आलं. "अहो बाई, आमच्याकडं आता कोणी पदर घेत नाय. माझी सून माझ्या हातातून टीव्हीचा रिमोट काढून घेती."

"तुम्ही बातम्या लावता चार-चार तास, मंग काय करील ती?" शांताबाई म्हणाल्या, आणि सुमनजवळ सरकल्या. "मी तुमची मोठी जाऊ. माझ्यासमोर तरी सरळ बसा."

सुमनने पदर काढला नाही.

दोन्ही घरांचे पैसे भरून झाले. मी दहा हजार भरले, पावती घेतली. पावणेदोनला सुमनचा नंबर लागला.

आत अंधार होता. डॉक्टर बाई पस्तिशीच्या, शांत. त्यांनी मला उभं राहू दिलं. मशीनचा पडदा मधोमध विभागलेला: डावीकडे नेहमीची करडी सोनोग्राफी, त्यात गाठ दिसत होती, उजवीकडे जवळपास पूर्ण काळं. मी विचारलं, ही बाजू बंद आहे का?

"नाही काका, तीच खरी बाजू." मदतनीस बाटली कालवत होती. आतलं औषध ताकासारखं पांढरं झालं होतं. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर एक लाट काढली, वर-खाली. तिच्याखाली दुसरी काढली, खाली-वर. "मशीन आधी आवाजाची ही लाट सोडतं आणि लगेच ही, बरोबर उलटी. मग दोन्हींचे प्रतिध्वनी मिळवतं. शरीराचं मांस पहिल्या लाटेला जे उत्तर देतं, त्याच्या बरोबर उलटं दुसरीला देतं. बेरीज करा."

"शून्य," मी म्हणालो.

"म्हणून काळं. पण बुडबुडा तसा नसतो. लाटेने दाबला तर आकसतो थोडाच, सोडला तर फुगतो जास्त. त्याची दोन उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत. काहीतरी उरतं. ते उरलेलंच इथे उजळ दिसतं. म्हणजे रक्त जिथे जिथे जातं तेवढंच दिसतं, बाकी सगळं वजा."

मी विचारलं, लाट जोरात सोडली तर जास्त उजळ दिसेल का? त्या म्हणाल्या, नाही, जोरात सोडली तर बुडबुडे फुटतात, म्हणून आवाज अगदी दबका ठेवायचा. मी विचारलं, आणि दोन लाटांच्या मध्ये माणूस हलला तर? "तर बेरीज शून्य होत नाही. सगळा पडदा पांढरा होतो." मला ते पटलं. पटल्याचा आनंदही झाला. दोनेक मिनिटं मी आपण कशाला आलो आहोत ते विसरलो होतो. सुमन पोट उघडं टाकून पडलेली होती आणि मी बेरीज समजून घेत होतो.

"पहिली तीस-पस्तीस सेकंदं सगळ्यात महत्त्वाची," डॉक्टर तिला म्हणाल्या. "काकू, अजिबात हलायचं नाही. श्वास हळू."

औषध शिरेत गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद सुरू झाले. दहाव्या सेकंदाला काळ्या बाजूला एक बारीक उजळ रेघ आली, मग तिला फांद्या फुटल्या. चौदाव्या सेकंदाला दार उघडलं.

दारात दत्तूनाना होते. त्यांना हातात सुई बसवून घ्यायला आतल्या खोलीत पाठवलं होतं. दोन दारं शेजारी-शेजारी. त्यांनी आमचं ढकललं. सुमनचे पाय दाराकडे होते. तिने पाय आखडले, एका हाताने पोटावर साडी ओढली, दुसऱ्याने पदर शोधत अर्धी उठून बसली.

पडदा पांढरा झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"चुकलं, चुकलं माझं," नाना म्हणाले आणि दार लावून घेतलं.

"काकू, झोपा. झोपा लवकर." डॉक्टरांनी पुन्हा गाठ शोधली. सापडली तेव्हा घड्याळात बावन्न सेकंद झाले होते. सगळं यकृत उजळलं होतं आणि गाठीच्या जागी काळा गोल होता. तिसऱ्या मिनिटाला तो आणखी काळा झाला. डॉक्टर पाच मिनिटं पाहत राहिल्या. मग मला बाहेर घेऊन गेल्या.

"गाठ काळी दिसतेय. पण ती बुडबुड्यांनी कधी भरलीच नव्हती, की भरून रिकामी झाली, हे मला सांगता येत नाही. भरलीच नसेल तर चांगलं आहे. जुनी, मेलेली जागा असू शकते, तिला काही करावं लागत नाही. पण भरून लवकर रिकामी झाली असेल, तर कॅन्सर. ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं असतं."

"पुन्हा टोचता येईल?"

"औषध उरलंय ते त्यांचं आहे." त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना उभेच होते, टोपी हातात. दुसरी बाटली मागवायची तर मुंबईहून यायला चार-पाच दिवस लागणार होते, आणि तिची पूर्ण किंमत पडली असती.

नाना म्हणाले, "माझ्या वाटचं टोचा त्यांना. दार म्या उघडलं."

मी नको म्हणालो. तीनदा म्हणालो. शांताबाई मला म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणून काय होणार, भाऊजी? ती आत पडून हाय."

शेवटी डॉक्टरांनीच मार्ग काढला. उरलेलं औषध दोन पूर्णांक चार मिली होतं. त्याचे निम्मे एक पूर्णांक दोन सुमनला, एक पूर्णांक दोन नानांना. चित्र थोडं फिकं येईल, पण कदाचित भागेल. कदाचित भागणार नाही, तर दोघांचंही वाया जाईल. नानांनी मान डोलावली. "अर्ध्यातलं अर्धं. टाका."

आधीचे बुडबुडे मोठ्या आवाजाने फोडले, दहा मिनिटं थांबलो. शांताबाई दाराला पाठ लावून बाहेर उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा औषध गेलं. मी पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, काळीच राहा. पंधरा. सोळा. गाठ काळी होती. सतराव्या सेकंदाला ती कडेपासून कडेपर्यंत उजळली, सगळ्या यकृताच्या आधी, सगळ्या यकृताहून जास्त. चाळीसला मंद झाली. सेहेचाळीसला काळी.

मला काही विचारावं लागलं नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन एवढंच सांगितलं की इतक्या लवकर रिकामी होणारी गाठ बहुधा यकृतात जन्मलेली नसते, दुसरीकडून आलेली असते. कुठून ते शोधावं लागेल. शोधायचं कसं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, नेहमी रंगाचा सीटी करतात. मग स्वतःच सावरून म्हणाल्या, मुंबईला वेगळ्या तपासण्या आहेत, पण औषधं तिच्या मूत्रपिंडांना कितपत झेपतील ते मी सांगू शकत नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

सुमन साडी सावरत बाहेर आली. आम्ही घरात अहिराणी बोलतो. तिने विचारलं, "काय दिसनं?"

"साफ नही दिसनं," मी म्हणालो.

नानांची तपासणी वीस मिनिटं चालली. त्यांची गाठ कडेने हळूहळू ठिपक्या-ठिपक्याने भरत आली आणि पाच मिनिटं झाली तरी रिकामी झाली नाही. ती रक्तवाहिन्यांची गाठ, जन्मभर राहते, काही करत नाही. चित्र फिकं होतं, पण भागलं. हे मला नानांनी सांगितलं नाही. त्यांनी रिपोर्ट घडी करून खिशात घातला. मी काउंटरवरच्या मुलीला विचारून घेतलं.

मी पाव बाटलीचे दोन हजार सातशे पन्नास मोजून नानांच्या पुढे धरले. ते म्हणाले, "खिशात ठेव. थोबाडीत देईन." पहिल्यांदाच ते मला अरे-तुरे बोलले.

*मखमलाबाद*

परतीची गाडी गाठायला उशीर झाला होता आणि नानांनी पंचवटीला जाऊ दिलं नाही. टेम्पोतून घरी नेलं. मागे रिकामी क्रेटं वाजत होती. घर शेतातच. सून खरोखरच टीव्हीसमोर होती, ती उठून स्वयंपाकाला लागली. मेथीची भाजी, भाकरी, आणि शांताबाईंनी विचारून सुमनसाठी वेगळं बिनमिठाचं पिठलं केलं. नाना जेवताना बाजारभाव बोलत राहिले. हसले मात्र नाहीत.

सकाळी शेडमध्ये नेलं. गुलाबाच्या प्रत्येक कळीला पांढरी जाळीची टोपी घातलेली, कळी उमलू नये म्हणून. वीस-वीसची जुडी. मी एका रांगेतल्या टोप्या मोजल्या, एकशे चौदा भरल्या. आमच्याकडे फुलं परडीने, नाहीतर वजनाने विकतात. इथे देठाची लांबी मोजून विकतात. सुमनने एका कळीची टोपी बोटाने खाली केली, पाहिलं आणि परत वर ओढली.

मग माझ्याजवळ येऊन तिने विचारलं, "पाव बाटलीचे किती होतात?"

"तू कशाला विचारतेस?"

"सांगा ना."

मी आकडा सांगितला. ती शेडच्या टोकाला शांताबाई जुड्या बांधत होत्या तिकडे गेली. कमरेची रुमालाची गाठ सोडली. तिचे कुरडया-पापड विकून साठवलेले पैसे तिने बरोबर आणले होते, हे मला माहीत नव्हतं. पाचशेच्या पाच, शंभराच्या दोन, पन्नासाची एक.

"जाऊबाई, हे घ्या."

"वेडी का काय तू? नानांनी काल सांगितलं ना भाऊजींना. ठेव ते."

"उठले मी होते, हे नव्हते उठले. तुमच्या वाटचं माझ्या अंगात गेलं." सुमनने नोटा पुढेच धरल्या होत्या. "मला कुणाचं ठेवून जायचं नाही."

महिनाभर ज्याच्या त्याच्यापुढे सुमन असं काही बोलली की समोरचा म्हणायचा, काहीतरीच काय, काही होत नाही तुला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, अशोक म्हणाला, मी तर रोज म्हणालो. शांताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मी तेच वाक्य ऐकायला उभा होतो. त्या तसं म्हणाल्या नाहीत. हाताला लागलेली पानं लुगड्याला पुसली, नोटा घेतल्या, मोजल्या, कपाळाला लावल्या.

"फिटलं," त्या म्हणाल्या.

सुमनने डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यांच्या पाया पडली.

रुपये दोन हजार सातशे पन्नास. दिले सुमनने, घेतले शांताबाईंनी. तारीख २० जानेवारी.